शिंप्याच्या मानेत काहीच नव्हतं

१

साल एकोणीसशे त्र्याहत्तर. त्या वर्षी आमच्या रुग्णालयात एका शिंप्याची मान उघडली आणि आत काहीच सापडलं नाही.

काहीच म्हणजे आजार. आपल्या मानेत पुढच्या बाजूला, अगदी खोल, मसुराच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम ताब्यात ठेवणं हे त्यांचं काम. त्यातली एखादी माजली की कॅल्शियम वाढतं, मूतखडे होतात, हाडं ठिसूळ होतात. मग ती कापून काढावी लागते. या शिंप्याचं कॅल्शियम आमच्या प्रयोगशाळेनं पुन्हा पुन्हा जास्त सांगितलं होतं. सर्जननी मान उघडली, तर चारही ग्रंथी शहाण्या मुलांसारख्या आपापल्या जागी, नेमक्या मापाच्या. त्यांनी टाके घातले, शिंपी शुद्धीवर येईपर्यंत थांबले आणि तरातरा जिना उतरून आमच्या दारात येऊन उभे राहिले. डोक्यावरची कापडी टोपी तशीच होती.

"कुणी दिला मला हा आकडा?"

आकडा मीच काढला होता. मी तेव्हा प्रयोगशाळेतली सगळ्यात नवी. कॅल्शियमचं काम माझ्याकडे असे, कारण ते किचकट होतं आणि जुन्या मंडळींनी ते मोठ्या प्रेमानं माझ्या गळ्यात घातलं होतं.

"आकडा बरोबर आहे," आमचे प्रयोगशाळेचे डॉक्टर आतल्या खोलीतून बाहेर येत म्हणाले. "तुम्हालाच ग्रंथी ओळखता आली नसेल."

"वीस वर्षं माना उघडतोय मी! त्या शिंप्याचा आवाज बसलाय, कळतंय का? आवाजाची नस तिथंच असते. विनाकारण सुरी फिरवली मी तिच्याजवळून. या खोलीत कुणीतरी चावटपणा करतंय किंवा झोपा काढतंय. शोधून काढा. गुरुवारी मला दुसरी मान उघडायची आहे."

गुरुवारची मान माझ्या थोरल्या जावेची होती.

२

जाऊबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला यंत्र, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि आवाज असा की रागावून फोन उचललेला माणूसही "जी" म्हणून बोलू लागे. घरात मात्र तोच आवाज गच्चीपासून तळमजल्यापर्यंत ऐकू जायचा. आम्ही एकाच घरात राहत होतो. लग्न होऊन आले त्या दिवसापासून त्यांनी मला "धाकटे" म्हणायला सुरुवात केली आणि माझं खरं नाव घरातून हद्दपार झालं.

"धाकटे, तोंड असं का झालंय? आकडा काढलास तू, मान कापायची माझी, आणि रडतेस तू?"

"वहिनी, तो शिंपी बोलू शकत नाहीये. नुसती हवा येते तोंडातून."

थोरले दीर वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आठवडाभर हिची हवाच आली तर मी शेजारच्यांना पेढे वाटीन."

"वाटा, वाटा. मग ऑफिसात तुमचं लग्नाचं प्रमाणपत्र दाखवून माझी नोकरी तुम्ही करा. 'नंबर प्लीज' म्हणा दिवसभर त्या घोगऱ्या आवाजात." त्या हसत होत्या, पण त्यांचा हात गळ्यावर होता. बोलता बोलता सारखा तिथंच जायचा. आवाज गेला तर नोकरी गेली, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. त्यांनी बाजूला सारला. "दुपारची झाली, आता परत संध्याकाळच्या ड्यूटीवर जायचंय गं."

"मग शस्त्रक्रिया पुढे ढकलायला सांगू या ना?"

"मी विचारलं सर्जनना. ते म्हणाले, शिंप्याचं काही असो, तुम्हाला वर मूतखडाही झालाय, म्हणजे तुमचा आजार पक्का. आकडा खोटा आहे असं प्रयोगशाळेनं सिद्ध केलं तरच थांबेन." मग त्यांनी आवाज खाली आणला, आणि तो खाली आला की समजावं, बातमी मोठी आहे. "आज दुपारी तुमच्या डॉक्टरांनी बाहेरगावी फोन लावला. आपल्या थोरल्या बहिणीला. मी ऐकलं नाही हं काही, फक्त लाईन जोडली."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'आक्का, माझ्या प्रयोगशाळेत चोर आहे. ये.'"

३

आक्का दुसऱ्याच दिवशी सकाळी आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, खांद्याला माणूस मावेल एवढी पिशवी. दुसऱ्या एका मोठ्या रुग्णालयाची प्रयोगशाळा त्यांनी आयुष्यभर सांभाळली होती आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. ज्यांच्यासमोर आम्ही श्वासही जपून घ्यायचो त्या डॉक्टरांना त्यांनी आल्याआल्या सगळ्यांदेखत म्हटलं, "बाळ्या, वाळलास रे. आणि हा कोट कुणाचा घातलायस?"

काढेबुवांना ठसका लागला. काढेबुवा म्हणजे आमचे रसायनं तयार करणारे गृहस्थ. कायम काहीतरी ढवळत असायचे, म्हणून ते नाव. त्यांच्या शेजारी टोचणीबाई उभ्या होत्या, रक्त काढणाऱ्या सिस्टर. बाहेरच्या रुग्णांची रोजची रांग त्या एकट्या उपसत. हात इतका हलका की पुष्कळांना सुई कळायचीच नाही. जीभ मात्र कळायची.

"चोर कशावरून?" आक्कांनी विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. पूर्वी आम्ही 'नॉर्मल' कशाला म्हणायचं ते परदेशी पुस्तकातून उचलत असू. डॉक्टरांना ते पटेना. माणसं आपली आणि माप दुसऱ्यांचं का? म्हणून त्यांनी निरोगी माणसं गोळा केली, रुग्णालयातली, नात्यातली, ओळखीपाळखीची. उपाशीपोटी, सकाळच्या वेळी सगळ्यांचं रक्त तपासलं, आणि अगदी वरचे, अगदी खालचे थोडे आकडे सोडून मधला जो पट्टा उरला तो आमचा नॉर्मल ठरवला. कॅल्शियमची वरची हद्द पुस्तकापेक्षा जरा खाली आली, दहा पूर्णांक एक. ती लागू झाली आणि मानेचे रुग्ण सापडायला लागले. वर्षाकाठी एखादा यायचा, तिथं दर आठवड्याला एक. त्यांतला शिंपी पहिला टेबलावर गेला.

"मला वाटलं, इतकी वर्षं लपलेला आजार मी उजेडात आणला," डॉक्टर म्हणाले. "शिंप्याची मान रिकामी निघाली तेव्हा कळलं, कुणीतरी आकडे फुगवतंय. माझा पट्टा चुकीचा ठरावा म्हणून."

"कुणाला पडलीय तुझ्या पट्ट्याची?"

डॉक्टरांनी मान वळवली नाही, नुसते डोळे वळवले. काढेबुवांचा चेहरा रसायनाचा रंग बदलावा तसा बदलला.

"मुली," आक्का मला म्हणाल्या, "ऊर्ध्वपातित पाणी कुठं ठेवता? ते यंत्र बघू मला."

यंत्रावरचं फडकं मी काढलं. आत कोळ्यानं ऐसपैस जाळं विणलं होतं.

४

"पाणी गाळायचं यंत्र बंद," आक्का म्हणाल्या. "मग पाणी कुठून येतं, काढेबुवा?"

काढेबुवांच्या तोंडचं पाणी तर पळालंच होतं. आमच्या नळाचं पाणी इतकं जड की किटलीत खडूसारखा थर बसे. त्या पाण्याचा थेंब जरी रसायनात गेला तरी कॅल्शियम वाढलेलं दिसणार. मला तर गुन्हेगार सापडल्यासारखंच वाटलं.

"मोटारीच्या गॅरेजमधून," ते पुटपुटले. "बॅटरीत घालतात ना, ते."

"काय?" डॉक्टर ओरडले.

"दुरुस्तीचा अर्ज तुम्हाला तीनदा दिला! तुम्ही म्हणालात, पट्ट्याच्या कामात आहे, नंतर बघू. मी काय थुंकी वापरू?"

"म्हणजे तूच! तूच मान कापलीस त्या शिंप्याची!"

"बाळ्या, खाली बस," आक्का म्हणाल्या. "मुली, रोज सकाळी कंट्रोलची बाटली लावतेस ना?"

कंट्रोल म्हणजे जिचं उत्तर आधीच ठाऊक असतं अशी रक्तद्रवाची बाटली. रुग्णांच्या नमुन्यांआधी ती तपासायची. उत्तर जुळलं तरच पुढचं काम.

"लावते. रोज जुळतं. काल जुळलं, आजही जुळलं."

"कुठल्या पाण्यानं? कुठल्या रसायनांनी?"

"त्याच. सगळं तेच."

"मग गॅरेजचं पाणी चांगलं आहे. पाण्यात खोट असती तर बाटलीचाही आकडा फुगला असता. काढेबुवा, गॅरेजचं पाणी कुणाला न सांगता वापरलंत यासाठी तुम्हाला वेगळे फटके मिळतील, पण मान तुम्ही कापली नाहीत. मुली, तूही सुटलीस. तुझा हात चुकीचा असता तर बाटलीवरही चुकला असता."

मला रडूच आलं. काढेबुवांनी आपला रुमाल पुढे केला. त्याला फिनॉलचा वास येत होता, त्यामुळे मी आणखी रडले.

डॉक्टर डोकं धरून बसले होते. "यंत्र बरोबर, पाणी बरोबर, ही बरोबर. मग चोर कुठं आहे?"

"या खोलीत नाही," आक्का म्हणाल्या. "रक्त दारातून आत आलं तेव्हाच ते वेगळं होतं."

दाराशी टोचणीबाई उभ्या होत्या. त्यांनी रक्ताच्या नळ्यांचा ट्रे टेबलावर ठेवला, एक शब्द न बोलता वळल्या आणि निघून गेल्या. त्या गप्प बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

५

आक्का त्यांच्या मागे धावल्या नाहीत. शीतकपाटात ज्यांचं कॅल्शियम जास्त निघालं होतं अशा रुग्णांचा थोडा थोडा रक्तद्रव शिल्लक होता. तो त्यांनी मला काढायला लावला.

"कॅल्शियम सोडून सगळं तपास. मीठ, साखर, युरिया, प्रथिनं, कोलेस्टेरॉल. जे जमेल ते."

दुपारपर्यंत मी तेच केलं. मीठ, साखर, युरिया अगदी सरळ. प्रथिनं मात्र जवळजवळ सगळ्यांची किंचित वर. कोलेस्टेरॉलही वर. कुणी एवढ्या गोष्टी एकदम फुगवील कशाला?

"वॉर्डात खाटेवर पडलेल्या रुग्णांपैकी एक तरी या मानेच्या आजारात सापडला?" आक्कांनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. "एकही नाही. सगळे बाहेरच्या रांगेतले."

त्या रांगेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मीही गेले. लांबलचक बोळ, भिंतीला टेकून उभी माणसं. बाकं होती ती डोळ्यांच्या नव्या विभागात नेली होती. टोचणीबाई एकाचं रक्त काढत होत्या आणि वेळ वाचावा म्हणून त्याच्या मागच्या माणसाच्या दंडाला रबरी नळी आधीच आवळून ठेवली होती. तो बिचारा निळसर हात पुढे धरून वाट बघत होता.

आक्कांनी तो हात नीट पाहून घेतला. संध्याकाळी मी त्यांना घरी चहाला घेऊन आले, जाऊबाईंना भेटायला. जाऊबाईंनी त्यांच्यासाठी चहा ओतला, स्वतःसाठी नाही.

"तुम्ही नाही घेत?"

"ड्यूटी आहे ना. बोर्ड सोडून मोरीत जायला मिळत नाही आम्हाला. त्यामुळे पाणी, चहा सगळं घरी आल्यावर."

"किती वर्षं?"

"लागले तेव्हापासून."

"बाई, मग तुमचा मूतखडा मानेतून नाही आला. तो तुमच्या बोर्डातून आला," आक्का म्हणाल्या. जाऊबाईंचा हात गळ्यावरून खाली आला.

थोरले दीर बशीतला चहा फुंकत होते. "मी पण रक्त दिलंय हं तुमच्या भावाच्या त्या नॉर्मल पट्ट्याला. झकास व्यवस्था! वरच्या मजल्यावर खाट, गादी, उशी, पंखा. माझा तर डोळाच लागला. हिच्या घोरण्याशिवाय इतका निवांत—"

"मी घोरते?"

"थांबा," आक्का म्हणाल्या. कप तसाच हातात, त्या उभ्या राहिल्या होत्या. "खाट? सगळ्यांना?"

"सगळ्यांना. सुई टोचायच्या आधी अर्धा तास सक्तीनं आडवं. का, काय झालं?"

"रक्त काढायला खुर्ची पुरते," आक्का म्हणाल्या. "खाटा कुणी आणल्या, आणि का?"

६

सकाळी आक्कांनी पहिला प्रश्न टोचणीबाईंना केला.

"खाटा कशाला?"

"ते सोडून काहीही विचारा. माझं वय विचारा, तेही सांगते."

"म्हणजे कारण आहे."

"कारण नसतं तर एवढ्या खाटा मी हौसेनं जिन्यावरून ओढल्या असत्या?" एवढं म्हणून त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

मग पाळी भावाची. "बाळ्या, पहिल्या दिवशी खुर्च्या होत्या ना?"

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. "होत्या."

"मग?"

"लोकांना आराम वाटावा म्हणून. आक्का, पुस्तकात कुठंही लिहिलेलं नाही की आडवं करू नये."

"पुस्तकाचं राहू दे. लहानपणी बरणी फोडलीस की कान असेच लाल व्हायचे तुझे."

"मी शब्द दिलाय आक्का."

"कुणाला?"

डॉक्टर पुन्हा चष्म्याकडे वळले. आक्कांनी खुर्ची ओढली. "बरं, नको सांगूस. पण तुझ्या चोराचं नाव ऐक. रक्तवाहिनी म्हणजे बारीक गाळणी. माणूस बराच वेळ उभा राहिला की वजनानं रक्तातलं पाणी त्या गाळणीतून बाहेर झिरपतं. मीठ, साखर, युरिया बारीक, ते पाण्याबरोबर जातात, म्हणून त्यांचं प्रमाण तेच राहतं. प्रथिनं मोठी, ती आतच अडकतात, आणि त्यांच्या पाठीवर बसलेलं कोलेस्टेरॉलही. आणि कॅल्शियमचा जवळजवळ अर्धा भाग त्या प्रथिनांना चिकटून बसलेला असतो. पाणी गेलं की हे सगळं दाट होतं. आडवं झालं की पाणी परत येतं, पुन्हा पातळ. दंडाला नळी फार वेळ आवळून ठेवली की तेच, आणखी जोरात."

डॉक्टरांचा हात चष्म्यावर थांबला.

"तू तुझी निरोगी माणसं गादीवर झोपवून मोजलीस. आणि रुग्ण मोजतोस बोळात उभे करून, दंड आवळून. दोन्ही आकडे खरे आहेत बाळ्या. त्यांची तुलना खोटी आहे. म्हणून तुझी कंट्रोलची बाटली रोज बरोबर आली. ती बिचारी कधी रांगेत उभी राहिली नाही."

मग डॉक्टर हळूच म्हणाले, "अरे देवा. म्हणजे ऑपरेटरबाईंना काहीच झालेलं नाही."

"छान गोष्ट आहे," दारातून आवाज आला. सर्जन आत आले. "ऐकायला छान. पण मी गोष्टी ऐकून शस्त्रक्रिया रद्द करत नाही. उद्या गुरुवार आहे."

७

"बरोबर आहे तुमचं," आक्का म्हणाल्या. "पुरावा हवा. आत्ताच करू. ऑपरेटरबाई उद्यासाठी आज सकाळीच दाखल झाल्यात. ऑपरेटरबाईंचं रक्त दोनदा घ्यायचं. एकदा आडवं करून, एकदा रांगेत उभं करून."

"त्या तुमच्या बाजूच्या. माझ्या अंगावर करून दाखवा, मग मानतो," सर्जन म्हणाले.

टोचणीबाईंच्या हातातून कापसाचा बोळा पडला. डॉक्टर घाईघाईनं पुढे झाले. "साहेब, तुम्ही कशाला? मी बसतो ना."

"का? मी का नाही?" सर्जन जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले.

आक्कांनी भावाकडे पाहिलं, मग टोचणीबाईंकडे, मग सर्जनकडे. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बसा की."

कुणी लबाडी केली असं नंतर म्हणायला नको म्हणून नमुन्यांवर खुणा करायचं काम आक्कांनी शिंप्याला दिलं. तो अजून वॉर्डातच होता, गळ्याला पट्टी. त्यानं प्रत्येक नळीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचा आणि कुठला रंग कुणाचा ते मनात ठेवायचं. मला काही कळू द्यायचं नाही. मला तर आतल्या खोलीत बसवून दार लावून घेतलं होतं. त्यामुळे पुढचं मी जाऊबाईंच्या तोंडून ऐकलंय, आणि तेव्हापासून दरवर्षी ऐकतेय.

आडवं झाल्यावरचं रक्त दोघांचंही निर्विघ्न निघालं. मग दोघं रांगेत शेवटी उभे राहिले. सर्जनना रांगेत बघून लोक पुढे जायला वाट देऊ लागले. आक्कांनी सगळ्यांना दटावून परत जागेवर उभं केलं. जाऊबाईंचं झालं. सर्जन खुर्चीत बसले, बाही वर गेली, आणि सुई दिसताच त्यांचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला.

इतक्या माना उघडलेला माणूस! स्वतःचं रक्त मात्र त्याला बघवत नव्हतं. पट्ट्याच्या कामाला पहिलं रक्त द्यायला ते मोठ्या ऐटीत आले होते आणि खुर्चीतून थेट जमिनीवर. त्यांची लाज राखायची म्हणून डॉक्टरांनी त्यांना खाटेवर घेतलं, आणि एकट्यालाच खाट का, असं कुणी विचारू नये म्हणून मग सगळ्यांनाच.

जाऊबाईंना तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की समोरचा माणूस घाबरलाय. त्या त्याच्या कानाशी वाकल्या आणि आपल्या त्या बोर्डावरच्या आवाजात म्हणाल्या, "लाईन तोडू नका साहेब. मी आहे. डोळे मिटा. जोडतेय... जोडतेय... थोडं थांबा... हां, बोला."

"काय बोलू?" सर्जननी डोळे न उघडता विचारलं.

"झालंसुद्धा," टोचणीबाई म्हणाल्या.

चार नळ्या माझ्याकडे आल्या. लाल दोरा, हिरवा, निळा, पांढरा. मी आधी कंट्रोल लावलं, ते जुळलं. मग चारही नळ्या. बाहेर आले तेव्हा बोळातली रांगसुद्धा सरकून दाराशी आली होती.

"लाल, नऊ पूर्णांक नऊ," मी वाचलं. "हिरवा, दहा पूर्णांक सहा. निळा, नऊ पूर्णांक आठ. पांढरा, दहा पूर्णांक पाच."

सगळे शिंप्याकडे वळले. त्याच्या घशातून नुसती कुजबुज निघत होती, पण त्या दिवशी ती शेवटच्या माणसापर्यंत पोचली.

"लाल, ऑपरेटरताई झोपलेल्या. हिरवा, त्याच, उभ्या राहून. निळा, साहेब झोपलेले." त्यानं दम घेतला. "पांढरा, साहेब. रांगेतून."

दहा पूर्णांक पाच. आमच्या हद्दीच्या वर. ज्यांच्या रक्तावरून तो नॉर्मल पट्टा बनला होता, त्यांतलाच पहिला माणूस त्या पट्ट्यानुसार आजारी ठरला होता.

सर्जननी नकळत स्वतःच्या मानेला हात लावला.

"उद्या गुरुवार, टेबल रिकामं झालंय साहेब," आक्का म्हणाल्या. "येता?"

आधी काढेबुवा हसले. मग टोचणीबाई, मग सगळी रांग. सर्जन क्षणभर लालबुंद झाले आणि मग तेही असे हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. हसू थांबल्यावर ते उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "या डॉक्टरनं शब्द पाळला, आता मी मोडतो. मी चक्कर येऊन पडलो होतो, म्हणून खाटा आल्या. शिंपीदादा, तुमच्या मानेवरची खूण माझी आहे. मला माफ करा. ऑपरेटरबाई, घरी जा. तुमची मान तुमच्यापाशी ठेवा."

जाऊबाई माझ्या गळ्यात पडल्या. त्यांना दाखल करायला आलेल्या थोरल्या दिरांनी बोळात शिट्टी वाजवली, कोण कुठं उभं आहे याची पर्वा न करता. रुग्णालयात शिट्टी वाजवायची नाही असं म्हणायला तिथं एकही माणूस शुद्धीवर नव्हता.

८

पट्टा नव्यानं करायला डॉक्टरांनी वाट पाहिली नाही. त्याच निरोगी माणसांना त्यांनी पुन्हा बोलावलं. बोळात बाकं परत आणली. आता रुग्णही बसणार आणि निरोगीही बसणार, सारखाच वेळ, सारख्याच खुर्चीत, दंडाला नळी सुई टोचायच्या ऐनवेळी. हद्द पुस्तकाच्या जवळपास गेली. आपली चूक काय झाली, ते त्यांनी डॉक्टरांच्या सभेत उभं राहून स्वतः सांगितलं आणि लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. "बाळ्या" हे नाव मात्र सगळीकडे पसरलं. त्याला त्यांचा इलाज नव्हता.

आक्का त्याच आठवड्यात परत गेल्या. पुढे बऱ्याच प्रयोगशाळांनी त्यांना बोलावलं. जिथं जात तिथं आधी रांगेत उभ्या राहत. म्हातारपणात झोपेत शांतपणे गेल्या.

काढेबुवांना नवं पाणी गाळायचं यंत्र मिळालं. निवृत्त होईपर्यंत ते त्याला कुणाला हात लावू देत नसत. टोचणीबाईंच्या मदतीला दुसरी सिस्टर आली आणि पहिल्याच दिवशी त्यांच्याशी भांडली. पुढे त्या दोघी जिवलग झाल्या आणि संगनमतानं सगळ्यांशी भांडू लागल्या.

शिंप्याचा आवाज पावसाळ्याआधी परत आला. पहिल्यासारखाच, फक्त किंचित खरखरीत. आमचे सगळ्यांचे पांढरे कोट पुढे तोच शिवायचा. त्याच्या मापाला कुणी नाव ठेवलेलं मला आठवत नाही. सर्जन त्यानंतर पुष्कळ माना उघडत राहिले, पण प्रत्येक वेळी आडवं आणि बसून असे दोन्ही आकडे पाहूनच. वर्षातून एकदा स्वतःचं रक्त द्यायला खाली येत, आणि त्या आधी एक्स्चेंजला फोन करून जाऊबाई ड्यूटीवर आहेत का ते विचारत. असल्या तर फोन कानाला लावूनच खुर्चीत बसत.

मी तीच प्रयोगशाळा पुढे चालवली. माझ्या हाताखालच्या मुलींना मी एकच गोष्ट शिकवली: आकडा हातात आला की आधी विचारा, हा माणूस इथं कसा आला, किती वेळ उभा होता.

थोरले दीर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. जाऊबाईंनी नोकरीची सगळी वर्षं बोलून पूर्ण केली. त्यांच्या प्रकरणानंतर एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरांना मधली सुट्टी मिळू लागली, पाणी प्यायची आणि मोरीत जायचीही. त्यासाठी वरिष्ठांशी भांडायला जाऊबाई एकट्या गेल्या होत्या. खोलीचं दार बंद होतं, तरी रस्त्यावरच्या लोकांनी सगळं ऐकलं असं म्हणतात.

त्या यंदा नव्वदीच्या झाल्या. रोज सकाळी फोन करतात. मी फोन कानापासून हातभर लांब धरते, तरी शब्दन् शब्द ऐकू येतो. कालही आला.

"धाकटे, ऐकतेस ना?"

"ऐकतेय वहिनी. सगळी गल्ली ऐकतेय."

"ऐकू दे," त्या म्हणाल्या, आणि बोलतच राहिल्या.